चार आण्यांचे पीसीआर यंत्र, बारा आण्यांचा मसाला

रानभूछत्र (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा परिसरातील आम्ही सहा हौशी निरीक्षक गेले काही पावसाळे अळंबीच्या नोंदी ठेवत आहोत. वारुळांवर उगवणारी, आषाढ-श्रावणात बाजारात पानांत बांधून विकायला येणारी अळंबी हा आमचा मुख्य विषय आहे. शास्त्रीय वर्गीकरणात ती टर्मिटोमायसिस या प्रजातीत मोडते. वाळवी आपल्या घरट्यात या कवकाची अक्षरशः शेती करते आणि पावसाळ्यात त्याच शेतातून छत्र्या वर येतात. गावात सगळ्यांना एकच नाव असले, तरी आमच्या वह्यांतील मोजमापे पाहता त्यांत दोन किंवा तीन निराळ्या जाती असाव्यात असा आम्हांला संशय आहे. टोपीवरचा उंचवटा, जमिनीखाली वारुळापर्यंत गेलेल्या दांड्याची लांबी, बीजाणूंचा रंग हे सारे तपासून झाले, आणि दर वेळी वाद तिथेच अडकला.

कवकांच्या ओळखीसाठी आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा 'बारकोड' म्हणून वापरावा, असा रीतसर प्रस्ताव २०१२ मध्ये मांडला गेला आणि आज जगभर तोच वापरला जातो. हा तुकडा पीसीआरने, म्हणजे तापमान वरखाली करत डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवून एखाद्या व्यावसायिक प्रयोगशाळेला दिला, तर त्याचा क्रम वाचून मिळतो. वाचनाचे काम आम्हांला घरी करायचे नाही, परंतु तिथपर्यंतची वाट, म्हणजे ऊतीतून डीएनए सोडवणे, तो वाढवणे आणि वाढला की नाही हे जेलवर (विजेने तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) पाहणे, आपल्या हाताने करण्याची इच्छा आहे. आमच्यापैकी कोणीही महाविद्यालयाशी किंवा संस्थेशी जोडलेले नाही.

बाहेरच्या जगात असे प्रयत्न नवे नाहीत. टीटो जँकोव्स्की आणि जॉश पर्फेटो यांनी २०१० मध्ये लोकवर्गणी गोळा करून ओपनपीसीआर हे यंत्र तयार केले, २०११ मध्ये त्याच्या सुट्या भागांचा संच ५१२ डॉलरला दिला आणि सगळे आराखडे खुले ठेवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पुढे आलेल्या बेथन वुल्फेंडेन आणि फिलिप बोइंग यांची बेंटो लॅब २०१६ मध्ये अशाच लोकवर्गणीतून उभी राहिली. तिच्यात सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून गाळ खाली बसवणारे यंत्र), थर्मोसायकलर (पीसीआरसाठी तापमान वरखाली करणारे यंत्र) आणि जेल पाहण्याची सोय लॅपटॉपएवढ्या एकाच पेटीत बसवलेली आहे. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या गाउडीलॅब्सचे पॉकेटपीसीआर तर सुरुवातीला सुमारे शंभर युरोंना मिळणारे, पाच नळ्यांचे आणि यूएसबीवर चालणारे आहे.

आमची वर्गणी तीस हजार रुपयांची आहे. एवढ्यात रानात नेता येईल अशी पेटी होईल का, कोणता भाग घरी करावा आणि कशाच्या बाबतीत काटकसर करू नये, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

सोल्डर_आणि_तार

मी उपकरणशास्त्राचा माणूस असून जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला संपला. तरीही एका भाचीच्या प्रकल्पासाठी मी थर्मोसायकलर बांधला आहे, त्यामुळे त्या भागापुरते लिहितो.

यंत्राचे काम एका वाक्यात सांगायचे तर नळीतील २५ मायक्रोलिटर द्रव ९४ अंशांवर नेणे, ५५ अंशांपर्यंत उतरवणे, ७२ अंशांवर थांबवणे आणि हे पस्तीस वेळा न चुकता करणे, एवढेच आहे. पहिल्या वेळी मी सर्वांप्रमाणे बुधवार पेठेतून १२७०६ क्रमांकाची पेल्टियर चकती आणली. ती एका बाजूने तापते, दुसऱ्या बाजूने थंड होते आणि विजेची दिशा उलटवली की बाजूही उलटतात, म्हणून ती या कामासाठीच जन्मली आहे असे वाटते. प्रत्यक्षात बाजारात मिळणारी साधी चकती लहान फ्रिजमध्ये एकाच दिशेने शांतपणे चालण्यासाठी केलेली असते. दर दोन मिनिटांना तापवले आणि थंड केले, तर आतील शेकडो डाग प्रसरण-आकुंचनाने तडकू लागतात. माझी चकती महिन्याभरात गेली, आणि तीही मरताना काही सांगून गेली नाही, केवळ चढण हळूहळू मंदावत गेली.

मग लक्षात आले की आपल्याला खोलीच्या तापमानाच्या खाली जायचेच नाही. सर्वांत खालची पायरी ५५ अंशांची आहे. म्हणजे थंड करणारे यंत्र नको, तापवणारा रोध आणि वारा घालणारा पंखा पुरतो. पॉकेटपीसीआरमध्येही हाच मार्ग घेतलेला आहे. माझ्या दुसऱ्या यंत्रात अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, दोन रोध, संगणकातील जुना पंखा, आर्दुइनो हा छोटा नियंत्रक आणि तापमान मोजणारा एक थर्मिस्टर एवढेच आहे, आणि हाताच्या मजुरीचा हिशेब न धरता ते चार हजारांच्या आत बसले.

काटकसर जिथे करू नये ती जागा तापमानाच्या मापनाची आहे. पडदा ९४ दाखवतो तेव्हा तो ठोकळ्याचे तापमान दाखवत असतो, नळीतील पाण्याचे नव्हे. मी एका नळीच्या झाकणाला सुईने भोक पाडून केसाएवढ्या तारेचा थर्मिस्टर पाण्यात सोडला, तेव्हा ठोकळा ९४ वर असताना आत ८९ होते आणि फरक भरून निघायला जवळजवळ अर्धा मिनिट लागत होता. डीएनएचे दोन धागे पुरते सुटलेच नाहीत, तर पुढच्या पायऱ्यांना काही अर्थ राहत नाही. तेव्हा आधी नळीत मोजावे आणि मग थांबण्याचा वेळ ठरवावा.

आणखी एक गोष्ट. थर्मिस्टर पारखताना बरेच जण वितळता बर्फ शून्य अंश आणि उकळते पाणी शंभर अंश धरतात. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने घसरतो. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरात साडेपंचाण्णवच्या आसपास. आपल्यापैकी कोणी वर राहत असेल, तर त्याने शंभर धरून पारखलेले यंत्र सगळ्या पायऱ्यांवर खोटे बोलेल.

नळीचे झाकण थंड राहिले, तर आतील पाणी वाफ होऊन वर चिकटते, म्हणून महागड्या यंत्रांत झाकणही तापवतात. आपण ते टाळून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब द्रवावर सोडू शकतो. जुन्या यंत्रांवर असेच तेल घालत असत.

जुनी_परीक्षानळी

प्रश्न आणि प्रतिसाद दोन्ही आवडीने वाचले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे थर्मोसायकलर नव्हता, तेव्हा आम्ही तीन वॉटर बाथ शेजारी शेजारी ठेवून, नळ्यांची तरंगती चकती चिमट्याने एकातून दुसऱ्यात हलवत, हातात स्टॉपवॉच धरून तीस फेऱ्या केल्या आहेत. तीन तासांत पाळीपाळीने दोघी. बाविसाव्या फेरीत कोणी दार वाजवले तरी उठायचे नाही, असा नियम होता. आणि जेलवर वाढलेल्या डीएनएची पट्टी दिसली होती.

हे आठवणीसाठी सांगत नाही. सांगायचे एवढेच की यंत्र हा अडथळा तेव्हाही नव्हता आणि आता तर मुळीच नाही. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये पीसीआरची कल्पना सुचली, तेव्हा प्रत्येक फेरीच्या उष्णतेत डीएनएच्या प्रती काढणारे एन्झाइम मरत असे आणि नळी उघडून ते पुन्हा घालावे लागे. पुढे यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील एका जीवाणूचे एन्झाइम वापरात आले. तो जीवाणू टॉमस ब्रॉक यांनी साठच्या दशकातच शोधून ठेवला होता. ते एन्झाइम ९५ अंशांवरही तग धरते, म्हणून आज एकदा झाकण लावले की ठोकळा आणि पंखा पुरतो. आपल्या स्वस्त यंत्राची खरी पुण्याई त्या झऱ्याची आहे.

परंतु म्हणूनच माझे म्हणणे असे की तीस हजारांचा हिशेब यंत्रापासून सुरू करू नका. ही चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला आहे. एन्झाइमचे तयार मिश्रण, प्रायमरची (वाढवायच्या तुकड्याची दोन टोके ठरवणाऱ्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) जोडी, पातळ भिंतीच्या नळ्या, पिपेटची टोके, जेलसाठी अ‍ॅगारोज, रंग, मोजपट्टी म्हणून वापरायचा डीएनए आणि शेवटी प्रत्येक नमुन्याच्या वाचनाचे पैसे, हे सगळे संपणारे आणि पुन्हा घ्यावे लागणारे आहे. यंत्राचे पैसे एकदा जातात. मसाल्याचे प्रत्येक चुकीला जातात.

त्यांतही मायक्रोपिपेट. ० ते १० आणि १० ते १०० मायक्रोलिटरच्या दोन बऱ्यापैकी पिपेट घ्या आणि त्यांत हात आखडू नका. मोठ्या मापांसाठी मात्र घरगुती युक्ती आहे. मधुमेहींसाठीच्या यू-४० सिरिंजवर एका मिलिलिटरचे चाळीस भाग असतात, म्हणजे तिची एक रेघ बरोबर २५ मायक्रोलिटरची होते. यू-१०० चे एक युनिट १० मायक्रोलिटरचे. लाल आणि नारिंगी टोपण यांची गफलत करू नका म्हणजे झाले.

दुसरे, शीतकपाट. एन्झाइम उणे वीस अंशांवर ठेवावे लागते. घरातल्या 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रिजचा फ्रीझर बर्फ घालवण्यासाठी अधूनमधून स्वतःला तापवतो, त्यामुळे कुपी उघड्यावर ठेवू नका. थर्मोकोलच्या डब्यात बर्फपिशव्यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे ते चढउतार आणि आपले भारनियमन, दोन्ही सोसता येते. एकाच मोठ्या कुपीत हात घालण्यापेक्षा आल्या आल्या दहा-दहा प्रयोगांच्या लहान वाटण्या करून ठेवाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक फेरीत एक नळी अशी ठेवा की जिच्यात सगळा मसाला असेल, पण अळंबीच्या ऐवजी नुसते पाणी. ती रिकामी निघाली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. पैसे वाचवण्यासाठी हौशी माणूस सर्वांत आधी हीच नळी गाळतो. आणि रानात पेटी नेण्याचा हट्ट कशासाठी? अळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत वाळवला, तर त्यातला डीएनए कित्येक महिने टिकतो. पाठीवर न्यायची ती पुडी. पेटी घरीच राहू द्या.

शिकाऊ_उमेदवार

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. तापमान वरखाली करण्याची एवढी यातायात करण्यापेक्षा ६५ अंशांवर स्थिर राहून डीएनए वाढवणारी लॅम्प ही पद्धत का वापरू नये? आणि अ‍ॅगारोज महाग आहे, तर किराणा दुकानातील चायना ग्रासचे जेल चालेल का?

जुनी_परीक्षानळी

दोन्ही शंका रास्त आहेत. लॅम्प २००० साली जपानमधून आली आणि गरम पाण्याच्या थर्मासमध्येही चालते हे खरे आहे. पण ती 'आहे की नाही' या प्रश्नाचे उत्तर देते. तिच्यातून एका लांबीचा तुकडा निघत नाही, लहानमोठ्या गुंतलेल्या तुकड्यांची गर्दी निघते, आणि वाचनासाठी ती थेट देता येत नाही. धागाकर्त्यांचा प्रश्न 'ही कोण आहे' असा आहे. प्रश्न बदलला की यंत्र बदलते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो या कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे, हातात उचलून नेता येणारे पीसीआर यंत्र आहे. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये त्याचे तंत्र विकसित झाले, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी त्याला मान्यता दिली आणि कोविडच्या काळात ते देशभर पोहोचले. म्हणजे सुवाह्य पीसीआर आपल्याकडे होत नाही असे म्हणण्याची सोय नाही. पण त्याची चिप एकेका रोगासाठी ठरलेली असते. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याला तेच हवे, कारण त्याने मिश्रणाशी खेळू नये हीच अपेक्षा आहे. हौशी माणसाला नेमके खेळायचे असते, म्हणून ते यंत्र आपल्या उपयोगाचे नाही.

चायना ग्रास म्हणजे अगर. अ‍ॅगारोज हा त्यातलाच शुद्ध केलेला भाग आहे. न शुद्ध केलेल्या अगरमध्ये विद्युतभारित घटक राहतात, ते डीएनएला अडवतात आणि पट्टीचा धुरळा होतो. शाळेच्या प्रात्यक्षिकात खाण्याचे रंग पळवून दाखवायला ते छान आहे. ७०० आणि ५०० अक्षरांच्या (बेस-जोड्यांच्या) तुकड्यांमधला फरक पाहायचा असेल, तर अ‍ॅगारोजच घ्या.

परसदार

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. इथल्या एका स्थानिक अळंबी मंडळाने वर्गणीतून बेंटो लॅब घेतली असून मी तिच्यावर काम केले आहे. तिची किंमत हजार पौंडांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या तीस हजारांत ती बसणार नाही. परंतु तिच्यातून काय उचलावे हे सांगतो. तिचे मोठेपण एकेका भागात नाही. पीसीआरचा भाग तर बत्तीस नळ्यांचा, म्हणजे आमच्या गरजेपेक्षा मोठाच आहे. मोठेपण यात आहे की डीएनए सोडवणे, वाढवणे आणि पाहणे या तिन्ही पायऱ्या एकाच उंचीवर, एकाच पडद्यावर आणि एकाच तारेवर आहेत, त्यामुळे निवृत्त पोस्टमनपासून शिक्षिकेपर्यंत आमच्यातले कोणीही ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून तासाभरात सुरुवात करते. सुटी यंत्रे स्वस्त पडतात खरी, पण ज्याने ती बांधली तो आजारी पडला की सगळा प्रकल्प आजारी पडतो. तेव्हा तुम्ही जे बांधाल त्याच्या झाकणाच्या आत मराठीत पायऱ्या लिहून चिकटवा.

सुरुवातीपुरते हवे असल्यास वाळवलेले नमुने मला टपालाने पाठवा. मी इथे चालवून देतो.

कलम_आणि_कागद

परसदार यांचा हेतू चांगला आहे, पण कृपया असे करू नये. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार परदेशी व्यक्ती किंवा अनिवासी भारतीय यांना इथले जैविक साधन संशोधनासाठी घेताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. वाळलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. तेव्हा नमुने आणि वाचन दोन्ही देशातच ठेवावेत.

धागाकर्त्यांनीही वारूळ कोणाच्या जमिनीवर आहे ते पाहावे. कोयनेसारख्या अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. शेताच्या बांधावरचे वारूळ असेल, तर शेतकऱ्याला विचारून घ्यावे.

आणखी एक सीमारेषा स्पष्ट असावी. रानातल्या अळंबीचा डीएनए वाढवून वाचणे ही एक गोष्ट आहे. एखाद्या जीवाणूत बाहेरचा जनुक घालणे ही दुसरी, आणि तिला पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ चे नियम लागू होतात, ज्यांत संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि तिच्या वरच्या समित्यांची मंजुरी अभिप्रेत आहे. ते काम दिवाणखान्यात करण्याचे नाही. हा धागा पहिल्या गोष्टीपुरता आहे याचे समाधान वाटते.

परसदार

चूक ध्यानात आली, आभारी आहे. नमुन्यांविषयीचे माझे वाक्य रद्द समजावे.

सोल्डर_आणि_तार

ताईंच्या मसाल्याच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. आता उरलेल्या दोन भागांविषयी.

सेंट्रिफ्यूजच्या बाबतीत दोन सोप्या वाटा दिसतात आणि त्यांतील एकीपासून सावध राहावे. आयर्लंडच्या कॅथल गार्व्ही यांनी लाकूड-धातू घासण्याच्या हातयंत्राला लावायची नळ्यांची चकती काढली होती आणि तिचा आराखडा खुला आहे. परंतु अशी यंत्रे मिनिटाला तीस हजारांपर्यंत फेरे घेतात, चकतीभोवती कवच नसते आणि एक नळी जरी सुटली, तरी ती गोळीसारखी जाते. दुसऱ्या टोकाला मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २०१७ मध्ये दाखवलेले पेपरफ्यूज आहे. लहानपणी आपण मोठ्या बटणात दोरा ओवून दोन्ही हातांनी ओढत गरगर फिरवायचो, त्याच खेळण्यावर ते बेतलेले आहे आणि कागदाची ती चकती मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जाते. रक्ताच्या बारीक केशनळीसाठी ते अप्रतिम आहे, आपल्या दीड मिलिलिटरच्या नळीसाठी नाही. अळंबीचा गाळ खाली बसवण्यापुरते संगणकाच्या पंख्यावर बसवलेले, जाड डब्यात बंद केलेले छोटे चक्र पुरेसे होते, किंवा नळी दहा मिनिटे स्वस्थ उभी ठेवून वरचे पाणी अलगद घेतले तरी चालते, असे भाचीचा अनुभव सांगतो. तेव्हा हा खर्च तूर्त शून्य धरावा.

जेलचा डबा मात्र मनापासून करा. मी पोळ्यांचा आयताकृती प्लास्टिकचा डबा घेतला. दोन्ही टोकांना विजेची अग्रे हवीत. प्लॅटिनमची तार परवडत नाही. स्टीलची तार धन अग्रावर काही दिवसांत झिजते आणि पाणी तपकिरी करते. पेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, स्वस्तात उत्तम चालते आणि तुटले तर नवे घालता येते. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे पळतो. नमुने ऋण टोकाजवळच्या खाचांत भरायचे हे डब्यावर तांबड्या-काळ्या रंगाने लिहून ठेवा. पहिल्या दिवशी मी अग्रे उलटी जोडली आणि सगळे नमुने मागच्या बाजूने जेलबाहेर गेले.

दोन अग्रांतील अंतराच्या दर सेंटिमीटरला पाच व्होल्ट हे साधे प्रमाण आहे. नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४५ व्होल्ट मिळतात आणि नऊ सेंटिमीटरच्या डब्याला ते पुरतात. घरातील २३० व्होल्ट थेट वापरण्याचा विचारही करू नये, कारण मीठयुक्त पाण्याचा उघडा डबा आणि ओला हात हा संयोग एकदाच चुकतो. झाकण उचलताच वीज तुटेल असा मायक्रोस्विच पंधरा-वीस रुपयांत मिळतो, तो बसवाच. एथिडियम ब्रोमाइड हा घातक रंग आणि अतिनील दिवा घरात आणू नका. निळ्या प्रकाशात चमकणारा रंग, ४७० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडींची पट्टी आणि वरून नारिंगी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा एवढ्यावर पट्टी स्वच्छ दिसते आणि मोबाइलने तिचे छायाचित्रही घेता येते.

रानभूछत्र

दोन महिन्यांनी लिहीत आहे, क्षमस्व. पेटी झाली. पंख्याचा थर्मोसायकलर, पोळ्यांचा डबा, निळा दिवा आणि यू-४० सिरिंज असे सगळे एका जुन्या शिलाई मशीनच्या लाकडी खोक्यात बसले. यंत्रांवर साडेसात हजार गेले, पिपेटवर आठ हजार, आणि मसाल्यावर आतापर्यंत अकरा हजार. ताईंचे गणित बरोबर निघाले.

पहिल्या जेलवर पाचही नमुन्यांना सातशेच्या आसपास सुंदर पट्टी आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सहाव्या खाचेकडे पाहिले. पाण्याच्या नळीलाही तीच पट्टी होती, तितकीच ठसठशीत. पाणी बदलून पुन्हा केले, तरी पुन्हा तेच. एका मित्राचे म्हणणे पडले की पाच नमुने तर वाचायला पाठवू, पाण्याचे पाहू नंतर. मी अजून पाठवलेले नाहीत.

जुनी_परीक्षानळी

पाठवले नाहीत हे उत्तम केले. एक विचारते. मिश्रण कुठे बनवता आणि वाढलेल्या नळ्या कुठे उघडता?

रानभूछत्र

दोन्ही जेवणाच्या टेबलावर. दुसरी जागा नाही.

जुनी_परीक्षानळी

तिथेच रोग आहे. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे, कागदावर तरी, १०७ कोटी तुकडे होतात. ती नळी उघडताना न दिसणारा जो तुषार उडतो, त्यात पुढच्या फेरीला पुरतील इतके तुकडे असतात. ते टेबलावर, पिपेटच्या दांड्यावर आणि तुमच्या बाहीवर बसतात आणि पुढच्या वेळी पाण्यात उतरतात. पहिल्याच फेरीत पट्टी आली, याचा अर्थ यंत्राची चाचणी घेताना याच टेबलावर आधी नळ्या उघडल्या असणार.

उपाय पैशांचा नाही, शिस्तीचा आहे. मिश्रण एका खोलीत बनवायचे आणि वाढलेली नळी दुसऱ्या खोलीतच उघडायची, आणि त्या खोलीतील कोणतीही वस्तू त्या दिवशी परत पहिल्या खोलीत आणायची नाही. एक पिपेट कायमची मिश्रणासाठी राखा. टेबल आणि पिपेट कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाने, एकास नऊ पाणी घालून, पुसा आणि मग साध्या पाण्याने पुसा. पाण्याची आणि प्रायमरची उघडलेली वाटणी टाकून नवी काढा. आता कळले ना, लहान वाटण्या करायला का सांगितले होते?

सोल्डर_आणि_तार

यावरून एक सुचवतो. खोके एक ठेवू नका, दोन करा. जेलचा डबा आणि दिवा वेगळ्या पेटीत घाला, म्हणजे ती पेटी मिश्रणाच्या खोलीत यायचे कारणच उरणार नाही. सगळे एकाच पेटीत कोंबण्याची कल्पना मला आता पटत नाही.

परसदार

आमच्या मंडळात एका पेटीवर भागते, कारण मिश्रण आम्ही वेगळ्या घरी बनवून आणतो. हे मी आधी लिहायला हवे होते.

रानभूछत्र

दोन खोकी केली. मिश्रण आता माडीवर बनते, जेल खालच्या पडवीत चालते आणि पडवीतला शर्ट माडीवर जात नाही. तिसऱ्या प्रयत्नात पाण्याची खाच काळी राहिली. चौथ्यांदाही. मग पाचही नमुने वाचायला दिले.

काल क्रम आले आणि आम्ही ते जेनबँक आणि युनाइट या डीएनए-क्रमांच्या दोन्ही संग्रहांशी जुळवून पाहिले. चार नमुने टर्मिटोमायसिसचे आहेत. त्यांतील तीन एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि चौथ्यात अनेक ठिकाणी फरक आहे. तो चौथा म्हणजे वहीत 'लांब दांड्याची, करडी' म्हणून नोंदवलेली. तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून वाचन झालेले नसल्यामुळे जातीचे नाव आत्ताच घेत नाही.

पाचवा नमुना ट्रायकोडर्मा निघाला. तो अळंबी नव्हेच, अळंबीवर वाढलेली बुरशी आहे. हाच तुकडा त्या दिवशी घाईत प्लास्टिकच्या पिशवीत राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी सिलिकात गेला. पुढच्या वेळी टोपीचा पृष्ठभाग सोडून दांडा उभा चिरून आतला गर घ्यायचा असे ठरवले आहे. वारूळ ज्यांच्या बांधावर आहे ते काका म्हणतात की पाऊस उघडून पुन्हा आला तर तिथे आणखी एकदा येईल. सिलिकाच्या वीस पुड्या भरून ठेवल्या आहेत, आणि जेलचे खोके या आठवड्यात कऱ्हाडच्या सदस्यांकडे गेले आहे.